नव्या दिव्यान कल्ला खराब

वर्तमानपत्रातून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे एकच कसब होतं: दुसऱ्याने लिहिलेलं सुधारणं. एकोणीस वर्षं मी डेस्कवर होतो. वार्ताहरांची वाक्यं तोडायची, जोडायची, ‘सदर’ काढायचा, मथळा द्यायचा आणि पान सोडायचं. महापे एमआयडीसीतल्या एका एलईडी दिव्यांच्या कंपनीला नेमकं हेच हवं होतं. नफ्यातला ठरावीक वाटा समाजकार्यावर खर्च करावा असा कायदा आहे, आणि खर्च केला हे दाखवायला अहवाल लागतो. कंपनीत दिवे करणारी माणसं भरपूर होती, अहवाल करणारं कोणी नव्हतं. मला सीएसआर विभागात घेतलं. विभागात दोनच माणसं होती: विभागप्रमुख मॅडम आणि मी.

मॅडम पुण्याच्या, शाकाहारी, वेळेच्या पक्क्या. त्यांच्या बोलण्यात ‘लाभार्थी’ हा शब्द दर दुसऱ्या वाक्याला येई आणि ‘यशोगाथा’ हा दर चौथ्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. समाजाचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे. ते मार्चच्या आत व्हावं, एवढीच अट होती.

त्या वर्षीचा प्रकल्प होता दिवाळे गावातला मासळीबाजार. बेलापूरच्या खाडीकाठचं हे कोळीवाड्याचं गाव. बाजार म्हणजे पत्र्याची लांबट शेड. पत्रा इतका खाली की भर दुपारीही आत दिवा लागतो. प्रत्येक बाईच्या ओट्यावर तिचा तिचा पिवळा बल्ब वायरीने लोंबत असे, थेट पाटीवर, हात वर केला तर लागेल इतक्या उंचीवर. कंपनी हे बल्ब काढून घेणार आणि त्याजागी एलईडी दिवे लावून देणार, फुकट. वीज वाचणार, बिल कमी होणार. योजनेचं नाव मीच दिलं होतं: ‘एक जुना द्या, एक नवा घ्या’. मथळा म्हणून तो वाईट नव्हता.

अट अशी होती की जुना बल्ब चालू स्थितीतला हवा. बंद बल्ब घेतला तर वीज वाचली असं दाखवता येत नाही.

“चालू हाय तं तुमाला देव कशाला?” बाजारातल्या बायांच्या मंडळाची अध्यक्ष म्हणाली. हिला सगळे मावशी म्हणत. वय साठीच्या आसपास, अंगाने किरकोळ, आवाजाने नाही. तिच्या घरची होडी अजून रोज खाडीत जायची, आणि दिवाळ्याच्या बाजारात ही गोष्ट आता सरसकट राहिलेली नव्हती. बऱ्याच बाया घाऊक बाजारातून बर्फातली मासळी आणत. मावशीचं मावरं मात्र त्या दिवसाचं असे. कालचं उरलं तर ती ‘कालचं हाय’ असं सांगून विकी. तिचं सगळं नाव या एका वाक्यावर उभं होतं. बेलापूरची, सीवूड्सची गिऱ्हाइकं सरळ तिच्या ओट्यावर येत. करंजाडेला नवा फ्लॅट घेतलेला एक जण तर एवढ्या लांबून मोटरसायकलवर यायचा.

मॅडमनी तिला वीज, बिल आणि पर्यावरण समजावलं. मावशीने पर्यावरणाकडे दुर्लक्ष केलं आणि बिलावर विचार केला. मग तिने सगळ्या बायांना गोळा केलं आणि सांगितलं, घ्या, बरं हाय. तीन वर्षं दुसरा दिवा लावणार नाही, अशा कागदावर सगळ्यांच्या सह्या तिने घेतल्या. काहींची कुरकुर होती. “काय झालं तं माझ्यावर जाव दे,” ती म्हणाली. हे वाक्य पुढे तिला बरेच दिवस ऐकवलं गेलं.

नवे दिवे लागले. जुने बल्ब एका ड्रममध्ये टाकून मॅडमच्या हस्ते फोडले. त्याचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. मॅडमच्या डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा आहे, हातात लोखंडी दांडा आहे आणि चेहऱ्यावर समाधान आहे.

शेडच्या खांबाला आम्ही एक अभिप्राय वही सुतळीने बांधून ठेवली होती. दर शनिवारी मी तिकडे जाऊन वहीतलं लिखाण कंपनीच्या तक्ता-नोंदीत भरायचो. तक्त्यात तक्रारीचे चारच प्रकार होते: ‘बंद’, ‘लुकलुकतो’, ‘आवाज’ आणि ‘इतर’. ‘इतर’ निवडलं तर खाली शंभर शब्दांचं स्पष्टीकरण लिहावं लागे, म्हणून ‘इतर’ कोणी निवडत नसे.

पहिल्या शनिवारी वहीत एकच नोंद होती. अक्षर मावशीचं, मोठं आणि ठळक:

‘नव्या दिव्यान कल्ला खराब हाय. मावरं खपत नाय. लवकर बगा.’

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे कल्ला म्हणजे गोंगाट. शेजारच्या मांडवात कल्ला असतो, वर्गात मास्तर नसले की कल्ला असतो. ‘दिव्यान’ म्हणजे ‘दिव्यानं’, अनुस्वार राहिला असेल, हे डेस्कवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. वाक्य मनातल्या मनात सुधारलं: नव्या दिव्यामुळे वाईट आवाज होतो, त्यामुळे विक्री होत नाही. स्वस्त दिवे गुणगुणतात, हे मी कंपनीतच ऐकलं होतं. तक्त्यात ‘आवाज’ निवडलं आणि पान सोडलं.

दुसऱ्या शनिवारी: ‘कल्ला अजून तसाच हाय.’ मी भरलं: आवाजाची तक्रार कायम.

तिसऱ्या शनिवारी: ‘सगल्या बायांचा कल्ला खराब. गिराईक बगून जाते.’ हे वाचताना क्षणभर थांबलो होतो, असं आता वाटतं, पण तेव्हा थांबलो नव्हतो. मी भरलं: सर्व दिव्यांमध्ये आवाज, ग्राहक त्रस्त.

या तिन्ही शनिवारी मावशी शेडमध्येच होती. मी वही सोडवून वाचायचो, ती ओट्यावरून बघायची. मी मान डोलावून ‘नोंद घेतली’ म्हणायचो. ती म्हणायची, “निसती नोंद नको घेव, दादा. काय तरी कर.” तिच्या पाटीसमोर पूर्वी जी गर्दी असे ती नव्हती, एवढं मला दिसत होतं. गिऱ्हाईक यायचं, वाकायचं, मासा उचलून बघायचं, ठेवायचं आणि निघायचं. गिऱ्हाइकं आवाजाला कंटाळून जात असावीत, असं मी धरून चाललो.

सर्व दिव्यांमध्ये आवाज म्हटल्यावर कंपनी हलली. गुणवत्ता विभागातला एक इंजिनिअर आवाज मोजण्याचं यंत्र घेऊन माझ्याबरोबर आला. तो मालवणचा, बोलायला मोकळा. “बाजारात मासेबिसे मिळतील ना?” एवढंच त्याने गाडीत विचारलं.

शेडमध्ये शिरल्यावर त्याने यंत्र चालू केलं आणि आकडा बघून बंद केलं. “यात दिव्याचा आवाज शोधायचा म्हणजे लग्नात घड्याळाची टिकटिक ऐकायची,” तो म्हणाला. मग तो मावशीकडे गेला.

“मावशी, सगळ्यांना एक मिनिट शांत राहायला सांगाल?”

“कोन गेलं?”

“कोणी नाही. दिव्याचा आवाज ऐकायचाय.”

“दिवा बोलतं?”

“तेच बघायचंय.”

मावशीने त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. तिला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर होतं, पण कंपनीची माणसं आहेत, काहीतरी यंत्र आणलंय, म्हणून तिने हात वर करून एक हाक मारली आणि बाजार गप्प झाला. दिवाळ्याचा बाजार भरल्या वेळी गप्प होणं ही त्या गावातली पहिलीच घटना असावी. गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली. एका गृहस्थाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली. बर्फाचं पाणी ओट्यावरून ठिबकत होतं तेवढं ऐकू येत होतं. इंजिनिअर यंत्र हातात धरून एकेका दिव्याखालून चालत गेला, टोकापर्यंत गेला आणि परत आला.

“काही नाही,” तो म्हणाला. “मावशी, दिवा आवाज करत नाही.”

“कोन बोलला करते?”

“तुम्हीच. वहीत लिहिलंय.”

“मी कल्ला लिवलाय.”

“तेच ना. कल्ला.” हे मी बोललो.

मावशीने पाटीतून एक बांगडा उचलला, अंगठ्याने त्याचा गालाजवळचा पडदा वर केला आणि माझ्या नाकापासून वितीवर धरला. आत फणीच्या दातांसारखी पातळ पानं होती, मासा ज्यांतून श्वास घेतो ती. “ह्यो कल्ला,” ती म्हणाली.

इंजिनिअरने कपाळावर हात मारला. मालवणच्या माणसाला ते सांगायची गरज नव्हती, पण त्याच्यापर्यंत शब्द पोचलाच नव्हता. माझा तक्ता पोचला होता.

मावशी मागे वळून शेडभर ऐकू जाईल अशी म्हणाली, “अगो बायांनो, तीन आठवडं मी कल्ला कल्ला लिवते, आनि कल्ला म्हंजी काय ता याला कललाच नाय!”

“बायको नाय का याला? मावरं कोन आनते घरी?” पलीकडच्या ओट्यावरून.

“कापलेलं आनीत आसल. आयतं!”

बाजार जो हसला, तो हसताना इंजिनिअरचं यंत्र चालूच होतं. त्या दिवसातली सगळ्यांत मोठी नोंद त्या हसण्याची आहे. मीही हसलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी नुसता उभा होतो. तिथून पुढे दिवाळ्यात माझं नाव कल्लादादा पडलं, ते आजतागायत आहे.

मग मावशीने तो बांगडा शेडबाहेर उन्हात नेला. “हितं बग.” कल्ला लालभडक होता. आत आणला. “आता दिव्यान बग.” दिव्यान म्हणजे ‘दिव्याने’ नव्हे, ‘दिव्यात’, हे मला तेव्हा कळलं. दिव्यात तोच कल्ला विटकरी, मळकट, दोन दिवसांच्या माशाचा असावा तसा दिसत होता. मासळी घेणारं गिऱ्हाईक आधी कल्ला उघडून बघतं. लाल असेल तर ताजी. आमच्या दिव्यांनी सगळ्या बाजाराची मासळी एका रात्रीत शिळी करून टाकली होती.

इंजिनिअरने मला परतीच्या वाटेवर समजावलं. स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल रंगाचा भाग फार थोडा असतो, म्हणून लाल वस्तू त्यात मरगळलेली दिसते. ऑफिसात, जिन्यात, गोदामात काही बिघडत नाही. फायलीला कल्ले नसतात. “आणि हे दिवे मासळीबाजारात कोणी पाठवले?” त्याने विचारलं. गोदामात तेच शिल्लक होते, असं मी सांगितलं.

मावशीचं नुकसान दुहेरी होतं. तिचं ताजं मावरंही शिळं दिसत होतं, आणि सह्या तिने करायला लावल्या म्हणून बाया तिला बोलत होत्या. मंडळाची बैठक घेऊन तिला काढायचं, असं शेजारच्या ओट्यावरची बाई उघड म्हणू लागली होती. मावशीला अध्यक्षपदाचं फारसं काही नव्हतं. तिला लागलं ते वेगळंच. बेलापूरचे एक निवृत्त बँक अधिकारी कित्येक वर्षं आठवड्यातून तीन वेळा तिच्याकडेच यायचे. त्यांनी त्या आठवड्यात तिच्या जिताड्याचा कल्ला उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पाटीत ठेवून गेले. “बोलला आसता तं बरा झाला आसता,” ती मला म्हणाली. “शिला हाय बोलला आसता, तं मी भांडले आसते.”

मॅडमना मी सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे आवाजाची तक्रार नाहीच?” त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. “मग ती बंद करू या,” असं म्हणून त्यांनी ती बंद केली. मग मासळीचं काय ते इंजिनिअरवर सोपवलं.

इंजिनिअरने आठवड्याभरात उपाय आणला. कंपनी मॉलमधल्या मांस-मच्छीच्या काउंटरसाठी खास दिवे बनवते. उजेड किंचित गुलाबी असतो. तशी एक पेटी त्याने कुठूनतरी सोडवली आणि शेडमध्ये लावून दिली.

त्या दुपारी शेडमध्ये चमत्कार झाल्यासारखं झालं. पापलेट मोत्यासारखं, कोळंबी तजेलदार, बांगड्याचे कल्ले जास्वंदीसारखे. शेजारच्या ओट्यावरची बाई, जी मंडळाची बैठक मागत होती, तिने आपली बर्फातली सुरमई उलटून पालटून पाहिली आणि हरखून गेली. “मना आवरला ह्यो दिवा! हाच ठेवा!” विक्री वाढली. मॅडम स्वतः येऊन गेल्या आणि गाडीत बसताना मला ‘यशोगाथा’ म्हणाल्या.

मावशी एकटीच ओट्यावर हात बांधून बसली होती.

“काय झालं, मावशी? कल्ला लाल दिसतो ना?”

“दिसते.”

“मग?”

तिने शेजारणीच्या पाटीतला एक मासा उचलला. शेजारणीने ‘ए!’ केलं, तिकडे लक्ष दिलं नाही. “ह्यो बर्फातला हाय, चार दिसांचा. कल्ला बग.” लाल होता. मग स्वतःच्या पाटीतला. “ह्यो सकालचा. आता बग.” तोही लाल, तितकाच.

“याच्यान सगल्यांचंच मावरं ताजं,” ती म्हणाली. “मंग माझं कशाला घेतील?”

मी यावर काही लिहून घेतलं नाही. लिहायला तक्त्यात जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते निवृत्त बँक अधिकारी पिशवी घेऊन परत आले. त्यांनी शेजारणीकडून सुरमई घेतली होती, घरी ट्यूबलाइटखाली पिशवी उघडली तर मासा पांढरा पडलेला. शेजारणीशी ते भांडलेच, पण थांबले नाहीत. सगळ्या शेडला उद्देशून म्हणाले, “दिव्यांचा खेळ मांडलाय तुम्ही इथे! सगळ्या सारख्याच!” सारख्याच म्हणताना त्यांचा हात मावशीकडेही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी महाप्याला आमच्या कंपनीच्या गेटवर हजर झाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर झाकलेली टोपली. सुरक्षारक्षकाने फोन केला: “सर, एक मावशी आल्यात. मासे घेऊन. आत अन्न न्यायला बंदी आहे.” मी खाली गेलो. रक्षक नियमाचा पक्का होता, पण मार्ग काढणाराही होता. त्याने गेटच्या नोंदवहीत लिहिलं: ‘सॅम्पल, तीन नग, परत न्यायचे.’

मॅडमच्या केबिनमध्ये मावशीने टोपली टेबलावर ठेवली, थेट मुखपृष्ठावर फोटो असलेल्या अहवालावर.

“तुमचे दिवे घ्या, बाय. आमचे बल्ब द्या.”

“मावशी, ते बल्ब आपण नष्ट केले ना. तुम्ही होतात तिथे. हा बघा फोटो.” मॅडमनी टोपली जराशी सरकवून फोटो दाखवला.

“फोटोतले फुटलेले मना नको. आख्खे द्या.”

मॅडमनी मला बाहेर बोलावून विचारलं, बाजारातून पिवळे बल्ब आणून देता येतील का. मी खरेदी विभागाला विचारलं. वीज वाचवणारे दिवे बनवणाऱ्या कंपनीने वीज खाणारे बल्ब विकत घ्यायची ऑर्डर काढायची म्हणजे कारण काय दाखवायचं, असं त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला.

आत इंजिनिअर येऊन मावशीच्या टोपलीतले मासे बघत होता. तीन बांगडे होते. “मावशी, आमच्या टेस्टिंग रूममध्ये आणखी दिवे आहेत,” तो म्हणाला. “कागदावर दाखवतो, कोणता चांगला ते.” तो आलेख काढू लागला.

“कागद नको,” मावशी म्हणाली. “दिवं दाखव.”

टेस्टिंग रूम म्हणजे काळ्या भिंतींची बंद खोली, मध्ये टेबल, वर एकेक दिवा बदलून लावायची सोय. मावशीने तिन्ही बांगडे टेबलावर मांडले. एक आजचा, एक कालचा, एक परवाचा. शेपटीखाली तिने खूण केली होती, ती आम्हाला दाखवली नाही. मग तिने परीक्षक निवडला.

“तू नको,” ती इंजिनिअरला म्हणाली. “तू मालवनचा. तुना डोलं बांधून पन कलल.” माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. “बाय, तू ये.”

“मी?” मॅडम दारात नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. “मावशी, मी कधी मासा हातात घेतलेला नाही.”

“म्हनूनच. ज्याला कायच कलत नाय त्याला पन कललं, तं दिवा खरा.”

इंजिनिअर या वाक्यावर गंभीर झाला. अशी चाचणी त्याच्या पुस्तकात नव्हती, आणि तीत खोट काढता येत नव्हती. मॅडमना हातमोजे दिले. कल्ला कसा उघडायचा ते मावशीने एकदा दाखवलं. मॅडमनी डोळे बारीक करून पहिला कल्ला उघडला आणि बाहेरच्या माणसाला काळजी वाटेल असा आवाज काढला.

आधी बाजारातला पहिला, पांढरा दिवा लावला. “तिन्ही खराब,” मॅडम म्हणाल्या. मग गुलाबी. “तिन्ही छान.” मावशी माझ्याकडे बघून फक्त ‘बग’ म्हणाली.

तिसरा दिवा थोडासा फरक दाखवत होता. मॅडमनी आजचा आणि कालचा उलटा सांगितला. चौथ्यातही तसंच. तोवर खोलीतली हवा एसीच्या नळीतून पुढे गेली होती आणि हिशेब विभागातून दोन फोन आले होते. तिसरा फोन वरच्या मजल्यावरच्या बैठकीतून आला. मॅडमनी तो घेतला आणि “क्षेत्रीय चाचणी सुरू आहे” असं सांगून ठेवून दिला. त्यांचा रुमाल एव्हाना खिशात गेला होता.

पाचवा दिवा इंजिनिअरने कपाटाच्या मागच्या खणातून काढला. रंगाचे नमुने तपासायला कंपनी तोच वापरत असे. उजेड ना पांढरा ना पिवळा, सकाळी उशिरा खिडकीतून येतो तसा. मॅडम टेबलावर वाकल्या. एकेक कल्ला उघडला, परत उघडला.

“हा आजचा,” त्या म्हणाल्या. मग बोट दुसऱ्यावर. “हा कालचा. आणि हा,” त्यांचा आवाज चढला, “हा परवाचा! मावशी, हा परवाचा, नक्की!”

मावशीने शेपट्या उलटून दाखवल्या. एका शेपटीला खूण नव्हती, एकीला एक काप, एकीला दोन. सगळं बरोबर. मॅडम इतक्या आनंदल्या की त्यांनी हातमोज्यासकट मावशीचा हात धरला. त्या आनंदात यशोगाथा नव्हती, असं मला वाटतं. पाढा पहिल्यांदा बरोबर आलेल्या मुलीसारख्या त्या दिसत होत्या.

“ह्यो दिवा,” मावशी इंजिनिअरला म्हणाली.

“महाग आहे हो हा.”

“कललं की. म्हनूनच मागच्या खनान ठेवला.”

सीएसआरमधून हे दिवे मिळणं शक्य नव्हतं. प्रकल्प संगणकात ‘पूर्ण’ झाला होता आणि पूर्ण झालेलं काही परत अपुरं करता येत नाही. इंजिनिअरने दुसरा दरवाजा शोधला: नव्या उत्पादनाची बाजारात प्रत्यक्ष चाचणी. त्यासाठी दिवे फुकट देता येतात, फक्त अर्जात कारण लिहावं लागतं. अर्ज मी लिहिला. कारणाच्या रकान्यात मी मावशीचं वाक्य जसंच्या तसं घातलं, एक अक्षर न बदलता: ज्याला कायच कलत नाय त्याला पन कललं, तं दिवा खरा. मंजुरी आली. खाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं: ‘भाषा तपासा’.

अहवालात दुरुस्ती छापावी असं मी मॅडमना सुचवलं. वर्तमानपत्रात आम्ही चूक झाली की दुसऱ्या दिवशी चौकट टाकायचो. मॅडम म्हणाल्या, अहवाल छापून गेला, आणि त्यात तसं खोटं काहीच नाही. मी बघितलं. ‘आवाजाच्या तक्रारी: शून्य’ असं छापलं होतं. वाक्य खरं होतं.

शेडमध्ये पाचवे दिवे लागले तेव्हा सगळ्या बाया खूश नव्हत्या. शेजारीण तर अजिबात नव्हती. तिच्या बर्फातल्या सुरमईचं वय आता लांबून वाचता येत होतं. “आमाला गुलाबीच बरा होता,” ती म्हणाली. “तं मावरं लवकर आन,” मावशी म्हणाली. दोघींचं त्यावर जे झालं ते छापण्यासारखं नाही. मात्र पुढच्या आठवड्यापासून शेजारीण पहाटे तासभर आधी निघू लागली, हे मी पाहिलं.

बँक अधिकारी बरेच दिवस फिरकले नाहीत. मावशी त्यांचं नाव काढत नसे, पण रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसायची, पूर्वी ती खाडीकडे तोंड करून बसे. एका शनिवारी मी वही सोडवत होतो तेव्हा ते आले. सगळ्या ओट्यांवरून नजर फिरवत, कोणाशी न बोलता, शेवटी मावशीसमोर थांबले. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. मग चष्मा सारखा करून एक बांगडा उचलला, कल्ला उघडला, बराच वेळ पाहिला.

“हा कालचा आहे,” ते म्हणाले. बोलण्यात भांडणाची तयारी होती.

“कालचाच हाय,” मावशी म्हणाली. “आजचे त्या बाजूला. कनचे देव?”

मग बांगडा जागेवर ठेवून त्यांनी पिशवी पुढे केली.

“आजचे द्या,” ते म्हणाले. “तुम्हीच बघून घाला.”